आधीच्याची खूण

“...आणि चूक यंत्रानं केली असेल तर, महाराज? तर पाप कुणाला लागतं?”

सोननाथांनी वर बघितलं नाही. ते सुपारी कातरत होते.

दुपार कलली होती. डोंगरावरची मठी अजून तव्यासारखी तापलेली होती. धुनीपुढं निनाद भामरे बसला होता. मांडी घालून, पाठ ताठ. पण त्याचा एक गुडघा हलत होता. त्यानं त्यावर हात दाबून धरला. तरी हलत होता.

“कुठलं यंत्र?” सोननाथ म्हणाले. “पिठाची गिरणी?”

“तसलं नाही. प्रोग्राम. लिहिला मीच, पण चालतो तो आपला आपण. मी फक्त तत्त्व म्हणून विचारतोय.”

“तत्त्व म्हणून.”

“हो.”

“तत्त्व विचारायला भर उन्हात गाडी दामटत आलास. एका पायात चप्पल नाही तुझ्या.”

निनादनं पायाकडं बघितलं. खरंच नव्हती. तळवा भाजून लाल झाला होता. त्याला कळलंच नव्हतं.

शिकलेल्या माणसाचं हे असं. घर पेटलं तरी तो आधी विचारणार, अग्नी म्हणजे नेमकं काय.

सोननाथही काही कमी नव्हते. अर्धा तालुका त्यांच्या पाया पडायचा आणि ते पडू द्यायचे. कोण पडतोय ते बघायचे नाहीत. सुपारी मात्र निरखून बघायचे, किडकी आहे का.

“सांग,” ते म्हणाले. “काय करतं तुझं यंत्र?”

“तुम्हाला कळेल असं सांगतो.”

“उपकार झाले.”

कॉलेज संपलं आणि नोकरी लागेना, तेव्हा हाच निनाद मठीत येऊन पडला होता. पाणी भरायचा, झाडायचा, आणि बाकीच्या चेल्यांना इंग्रजी शब्दांनी गप्प करायचा. सोननाथांनी त्याच्या गळ्यात मठीचा काळ्या लोकरीचा दोरा घातला आणि खाली गावात डॉक्टर अमृतकरांकडं धाडून दिला. अमृतकर मठीचे भक्त. डोंगराच्या पायऱ्या त्यांनीच बांधून दिलेल्या. त्यांनी दोरा बघितला आणि पोराला आत घेतलं. तुला काय येतं, काय येत नाही, हे विचारलं नाही. कॉम्प्युटर दिला. पेशंटांचे पासवर्ड दिले.

“रक्त तपासायची लॅब जिल्ह्याला आहे,” निनाद सांगू लागला. “रिपोर्ट त्यांच्या साइटवर येतात. प्रत्येक पेशंटच्या नावानं वेगळं शिरावं लागतं. साहेबांना त्याचा कंटाळा. म्हणून मी प्रोग्राम लिहिला. सकाळी तो एकेकाच्या नावानं शिरतो, रिपोर्टमधला आकडा उचलतो आणि साहेबांच्या पडद्यावर आणून ठेवतो.”

“आणि त्या साइटला कसं कळतं कोण शिरलंय? तोंड बघते?”

“तोंड नाही बघत. पहिल्यांदा नाव आणि पासवर्ड विचारते. पटलं की एक खूण देते. कुकी म्हणतात. अक्षरांची आणि आकड्यांची नुसती लांब ओळ असते. पुढं काहीही मागायचं तर ती दाखवायची. खूण दाखवली की साइट परत नाव विचारत नाही.”

“कधीच नाही?”

“खूण चालते तोवर नाही.”

“आणि खूण सांभाळतो कोण?”

“प्रोग्राम! तीच तर गंमत आहे.” आल्यापासून पहिल्यांदा निनादचा चेहरा उजळला. “मला हातसुद्धा लावावा लागत नाही. साइटनं दिली की तो बरणीत ठेवतो. आमच्यात बरणीच म्हणतात. पुढच्या वेळी बरणीतून काढून आपोआप दाखवतो. मी एक ओळ लिहायची, बस. बाकीचे लोक हातानं करत बसतात, महाराज. वेडे.”

“वेडेच.”

“मी नाही करत.”

“तू शहाणा.”

निनादचा गुडघा पुन्हा हलायला लागला.

“डॉक्टरकडं एकच पेशंट नसतो,” सोननाथ म्हणाले. “एकाचं झालं की दुसरा. मग बरणीचं काय होतं?”

...

“इंजिनेर, बरणीचं काय होतं?”

“नवी घ्यायची,” निनाद हळू म्हणाला. “प्रत्येकाला नवी, रिकामी. मी आधी तसंच लिहिलं होतं. पण वेळ लागायचा. साहेब म्हणायचे, माझा चहा संपतो तरी तुझा आकडा येत नाही. म्हणून काल रात्री मी प्रत्येकाला नवी बरणी घेणं बंद केलं. सगळ्यांत मिळून एकच ठेवली.”

“काम लवकर व्हायला लागलं?”

“लागलं. साहेबांनी आज सकाळी पाठ थोपटली.”

“आणि मग?”

निनादनं भाजलेला तळवा आत ओढून घेतला.

“आज दोघंच होते. आधी कापडणे मास्तर. त्यांची खूण बरणीत गेली. त्यांचा आकडा आला. बरोबर आला. मग... मग ठकूबाई शेवाळे. प्रोग्राम साइटच्या दारात गेला, ठकूबाईंचं नाव सांगितलं, पासवर्ड सांगितला. पण हातात खूण मास्तरांची. आधीची. साइटनं नाव वाचलंच नाही. तुम्ही तर आत आहातच, म्हणाली. आणि मास्तरांचंच पान परत पुढं केलं.”

“पानावर मास्तरांचं नाव असेल की.”

“असतं.”

“मग?”

“प्रोग्राम नाव बघत नाही. मी त्याला नुसता आकडा उचलायला शिकवलाय.”

धुनीतलं लाकूड फुटलं. निनाद दचकला. सोननाथ नाही दचकले.

“म्हणजे चूक तशी साइटची,” निनाद घाईनं म्हणाला. “नवीन नाव आलं तर तिनं आधीची खूण फेकायला पाहिजे होती.”

“बरं.”

“आणि साहेबांचीही. घाई त्यांना होती. मला नव्हती.”

“बरं.”

“आणि...”

“आणि माझी. म्हण की. मी धाडला तुला तिथं.”

निनादनं मान खाली घातली. म्हणाला नाही, पण मनात ते होतंच. कुठल्याही पोराच्या मनात असतं.

“आता सांग,” सोननाथ म्हणाले. “आकडा कसला?”

...

“निनाद. आकडा कसला होता?”

“रक्त किती पातळ आहे त्याचा.”

सोननाथांनी अडकित्ता खाली ठेवला.

मग मात्र निनादच्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं. उलटी व्हावी तसं.

“तळ्याच्या वाडीची म्हातारी आहे, महाराज. तिच्या हृदयात बसवलेली झडप आहे. रक्त गोठू नये म्हणून गोळी चालू असते. आकडा कमी आला तर गोळी वाढवायची, जास्त आला तर कमी करायची. आज सकाळी लेक घेऊन आला होता तिला. ती म्हणाली, डाक्तर, दात घासताना रक्त येतंय. मांडीला काळं-निळं पडलंय, आणि मी कुठं आपटले नाही. साहेबांनी पडद्याकडं बघितलं. म्हणाले, आजी, रक्त घट्ट आहे तुमचं. गोळी वाढवू.”

“पडद्यावर मास्तरांचा आकडा.”

“मास्तरांचा.”

“बाईकडं बघितलं त्यानं?”

“नाही.”

“तू बघितलंस?”

“बघितलं. ओठाच्या कोपऱ्यात लाल होतं. मला वाटलं... पान खाल्लं असेल.”

बाहेर झेंड्याचं कापड फडफडलं आणि थांबलं.

“तुला कळलं कधी?”

“ती गेल्यावर. दोघांचा आकडा एकच कसा, म्हणून बघत बसलो. मग हातानं शिरलो तिच्या नावानं. खरं पान उघडलं. तिचं रक्त पाण्यासारखं झालंय, महाराज. त्यावर वाढीव गोळी गेली तर नाकातून येईल. पोटात होईल. आणि डोक्यात झालं तर झोपेतच...”



“गोळी कधी घेते ती?”

“दिवेलागणीला.”

सोननाथांनी दाराबाहेर बघितलं. ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं होतं.

“डॉक्टरला सांगितलंस?”

“साहेब वर जेवायला गेले होते.”

“मग तू काय केलंस?”

“गाडी काढली.”

“तिच्याकडं जायला?”

“...तुमच्याकडं यायला.”

“गाढवा!” सोननाथ उठले. गुडघे वाजले त्यांचे. “हे पहिल्या शब्दाला सांगायचं होतंस. पाप कुणाला लागतं विचारत बसलास! ऊठ. लाव फोन तिला.”

धुनीपाशी रेंज येत नाही. झेंड्याच्या कट्ट्यावर येते. दोघं तिथं उभे राहिले. ठकूबाईच्या लेकाचा नंबर निनादला पाठ होता. तोच तिचा पासवर्ड होता. खेड्यातल्या माणसांना दुसरा कुठला आकडा लक्षात राहत नाही, म्हणून लॅबवाल्यांनी तसं केलेलं.

निनादनं लावला. कानाशी धरला.

बाईचा थंड आवाज आला. आपण ज्या ग्राहकाशी संपर्क करू इच्छिता, ते सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत.

निनादच्या तोंडावरचा ताण किंचित सैल झाला. लगेच लपवलं त्यानं. पण सोननाथांना दिसलं.

“पुन्हा लाव.”

पुन्हा तीच बाई, तेच बोलली.

“वाडीत टॉवर नाहीये, महाराज. डोंगराच्या मागं आहे ती.”

“डॉक्टरला लाव.”

दवाखान्याचा फोन कंपाउंडर वाघनं उचलला. निनादनं स्पीकर लावला.

“कोण?”

“मी निनाद. साहेबांना द्या. अर्जंट आहे.”

“साहेब झोपलेत. संध्याकाळच्या टायमाला ये.”

“वाघभाऊ, खरंच अर्जंट आहे.”

“सगळ्यांचं अर्जंटच असतं बाबा. मूळव्याधवाल्याचंसुद्धा. आणि तू कुठं उलथलास? कॉम्प्युटर तसाच चालू टाकून गेलास. मठीवर आहेस का? महाराजांचं काही असेल तर उठवतो बघ.”

सोननाथांनी मोबाइल ओढून घेतला.

“सोननाथ बोलतोय. उठव त्याला.”

“आदेश महाराज! आदेश, आदेश!”

नाथपंथी नमस्कार घालतच वाघ जिन्यावरून पळाल्याचं ऐकू आलं. पेशंटसाठी डॉक्टर उठत नव्हते. महाराजांच्या नावासाठी उठले.

“आदेश, महाराज,” डॉक्टर अमृतकरांचा झोपेतला, गोड आवाज आला. “काय सेवा?”

“पोराचं ऐक.”

निनादनं सांगितलं. मास्तर, बरणी, खूण, ठकूबाई. तीन वाक्यांचं काम होतं, पण त्याला दहा लागली. मधे मधे तो सॉरी म्हणत होता.

मग डॉक्टरांनी विचारलं. पण ठकूबाईचा खरा आकडा काय, हे नाही विचारलं.

“कुणाकुणाला बोललास?”

“महाराजांना फक्त.”

“बस. आणखी कुणाला नाही. हे बघ, एका गोळीनं काही होत नसतं. उद्या माणूस पाठवतो, बोलावून घेतो, गोळी बदलून देतो. विषय संपला. तिला आकडाबिकडा काही सांगायचं नाही. खेड्यातली माणसं आहेत, दवाखाना फोडतील. त्या ढोरांच्या डॉक्टरला कुणी बाभळीला बांधलं होतं, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“तिच्याच दोन लेकांनी. गाय मेली म्हणून. गाय! इथं आई आहे. कळलं का? आणि ऐक, महाराजांचा माणूस आहेस म्हणून सांभाळून घेतोय. दुसरा कुणी असता तर आत्ता पोलिसात दिला असता. महाराज, चिंता करू नका. आपल्या पोराला मी काही होऊ देणार नाही. आदेश.”

फोन बंद झाला.

मोठ्या माणसांचं हे असंच असतं. चूक पोराची असली तर आत्ता, आपली असली तर उद्या. आणि दोघांची मिळून असली तर कुणाला बोलू नकोस.

निनाद कट्ट्यावर खाली बसला. त्याचा श्वास जरा मोठा झाला होता.

“साहेब म्हणतात, एका गोळीनं काही होत नाही.”

“किती पातळ आहे ते विचारलं त्यानं?”

“...नाही.”

“मग काही होत नाही, हे कशावरून?”

“ते डॉक्टर आहेत, महाराज. मी कोण? एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हटल्यावर... आणि उद्या तर बोलावतायतच. उद्या सकाळी मी स्वतः जातो माणसाबरोबर. अगदी उजाडताच.”

सोननाथांनी उतरत्या उन्हाकडं बघितलं.

“तुम्ही सांगा,” निनाद म्हणाला. “तुम्ही म्हणाल तसं करतो.”

“मी म्हटलं थांब, तर?”

“थांबेन.”

“आणि ती बाई सकाळपर्यंत मेली तर? लेक विचारतील.”

निनाद मठीकडं बघत राहिला. खोटं सुचेना, म्हणून खरं बोलून गेला.

“तुमचा शब्द होता, म्हणेन.”

...

सोननाथ वळले आणि आत गेले. थोड्या वेळानं आतूनच हाक आली.

“इकडं ये.”

निनाद गेला. सोननाथ धुनीपाशी उभे होते. उजव्या हातात अडकित्ता होता.

“मान पुढं कर.”

“महाराज?”

“मान.”

निनादनं अडकित्त्याकडं बघितलं, मग म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडं. तिथं काही वाचता येईना. पळावं असं त्याला वाटलं. पण सवय वाईट असते. महाराज म्हणाले मान, की मान पुढं जाते. त्याची गेली.

गार लोखंड गळ्याला लागलं. त्यानं डोळे मिटले. गळ्याची शीर अडकित्त्याच्या पात्यावर उडत होती, ती त्याला स्वतःला जाणवत होती. किती पातळ कातडीच्या आड असतं हे सगळं, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं.

खट्.

काळा दोरा सोननाथांच्या हातात आला. त्यांनी तो धुनीत टाकला. लोकर वेटोळली, चरचरली आणि मेंढरू भाजल्यासारखा वास सुटला.

निनादचा हात गळ्याकडं गेला. तिथं काही नव्हतं. दोऱ्याखालची कातडी तेवढी पांढरी होती.

“मला टाकलंत, महाराज?” त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. “चुकलो मी. पण टाकलंत? खाली आता कोण विचारेल मला? साहेब दारात उभं करणार नाहीत. पोलिसात देतील. तुमचा माणूस म्हणून तर...”

“घातला तेव्हा बघितलं नव्हतं कुणाला घालतोय,” सोननाथ म्हणाले. “घातल्यावरही बघितलं नाही.”

अडकित्ता खाली ठेवताना तो त्यांच्या हातातून पडला. म्हातारा घाबरला होता. बाईसाठी की मठीच्या नावासाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. दोन्ही असेल. म्हाताऱ्यांच्या मनात सहसा दोन्ही असतं.

“नीघ,” ते म्हणाले. “घाटाच्या रस्त्यानं जा. दिवे लागायच्या आत पोचशील.”

“काय सांगू त्यांना?”

“जे मला सांगायला अर्धा तास लावलास, ते. गोळी घेऊ नको म्हणून आधी सांग. मग बाकीचं. आणि तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला लाव, आजच. खरा आकडा तुला पाठ आहे ना?”

“आहे.”

“तो तिथल्या डॉक्टरला सांग. तिच्या नावासकट.”

“वाडीतले विचारतील, तू कोण?”

“विचारतील.”

“अमृतकर साहेबांचा माणूस म्हणू?”

“त्याच्या माणसाला त्यानं उद्या जायला सांगितलंय.”

“मठीचा म्हणू?”

सोननाथांनी धुनीकडं बघितलं. लोकरीची काजळी तेवढी राहिली होती.

“नाही,” ते म्हणाले.

“मग मी कोण म्हणून जाऊ तिथं?”

...

सोननाथांनी पडलेला अडकित्ता उचलून जागेवर ठेवला. निनाद दाराकडं निघाला. दाराशी जाऊन वळला.

“तुम्ही चला ना बरोबर. गाडीवर मागं बसा नुसते. काही बोलू नका. तुम्ही असलात तर ते हात उचलणार नाहीत.”

“म्हणून तर येत नाही.”

निनाद बाहेर पडला. पायऱ्यांवर डोंगराची सावली चढली होती. खाली, दूर, घाटाचा रस्ता दिसत होता आणि त्याच्या पलीकडं काही दिसत नव्हतं. तिकडंच वाडी होती. तिथं आता एक म्हातारी चुलीपाशी बसली असेल, भाकऱ्या थापत, आणि गोळीची पुडी फडताळात असेल. तिला वाटत असेल, डॉक्टरांनी आपल्याला नीट बघितलं.

पहिल्याच पायरीवर त्याचे पाय थांबले. पुढं जाईनात. बाभळ दिसत होती त्याला. तिला बांधलेला माणूस दिसत होता. त्या माणसाच्या गळ्यात काही नव्हतं.

तो मागं वळला. सोननाथ उंबऱ्यात येऊन उभे होते. आत जा म्हणत नव्हते, ये म्हणत नव्हते.

“महाराज...” निनाद म्हणाला. “ते मला मारतील.”

“मारतील,” सोननाथ म्हणाले. “पण आता गळ्यात दुसऱ्याची खूण नाही. ज्याचं त्याला मिळेल.”